पाटलीची आतली बाजू

आमच्या घरात सोनं बेताचंच होतं, भिंग मात्र उत्तम होतं. बाबा निजामपुऱ्यातल्या एका व्यापाऱ्याकडे कापड तपासायला होते. मागावरून उतरलेला कोरा तागा टेबलावर पसरायचा, त्यावर पितळेचं घडीचं भिंग उभं करायचं आणि चौकोनात दिसणारे उभे-आडवे धागे मोजायचे, हे त्यांचं काम. "बावन्न ठरले होते, अठ्ठेचाळीस भरतायत," एवढं ते म्हणाले की चांगले चांगले लूमवाले गप्प व्हायचे. ते भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, अगदी लग्नाला जातानासुद्धा. आई विचारायची, "पंगतीत भाताची शितं मोजणार आहात का?"

ही खोड माझ्यात उतरली, ती दुप्पट होऊन. बाबा निदान कापडापुरते थांबत. मी बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर वाचायची, औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचायची, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या खोक्यावरचा पत्ता वाचून "हे तर कल्याणचं दुकान, तुम्ही तर ठाण्याहून आलात ना?" असंही विचारायची. मग आई मला स्वयंपाकघरात बोलावून घ्यायची. त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते आणि गावातल्याच एका शाळेत गणित शिकवत होते. म्हणजे वय चौकशा करण्याचं नव्हतं, सवय होती.

दोन हजार सातच्या आसपास वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत पत्रक आलं. कुठल्याशा नव्या सराफी दुकानाची जाहिरात होती, पण मागच्या बाजूला दागिन्यावरच्या खुणा कशा वाचायच्या ते दिलं होतं. पहिली सरकारी मानकाची त्रिकोणी खूण. दुसरा शुद्धतेचा आकडा, नऊशे सोळा. तिसरी खूण जिथे सोनं तपासलं त्या केंद्राची. चौथं एक इंग्रजी अक्षर, ते वर्षाचं. पाचवी खूण ज्या सराफाने दागिना विकला त्याची. मी लगेच कागदावर बावीस भागिले चोवीस केलं. शून्य पूर्णांक नऊशे सोळा आणि पुढे सहाच सहा. बावीस कॅरेट म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं, हे गणित इतकं सरळ असेल असं मला वाटलंच नव्हतं. वर्षाच्या अक्षराने तर मी हरखून गेले. दोन हजार साली 'ए', पुढच्या साली 'बी', असं ते चढत जायचं. दागिन्याची जन्मतारीख दागिन्यावरच लिहिलेली!

बाबा दुपारी जेवून आडवे झाले की मी त्यांच्या खिशातून भिंग काढायची आणि सापडेल त्याचं सोनं वाचायची. स्वतःच्या कानातल्यांवर काहीच निघालं नाही. शेजारच्या काकूंच्या बांगडीवर नुसतं 'केडीएम' होतं. ते जोड देण्याच्या एका पद्धतीचं नाव, त्यात शुद्धतेची हमी कसली नाही, असं मी सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मी तर तो कंपनीचा मार्का समजत होते." आमच्या मागच्या खोल्यांमध्ये लूमवर काम करणारी बिऱ्हाडं होती. तिथली एक बाई ओढणीच्या टोकाला बांधलेली नथनी घेऊन आली आणि म्हणाली, "दीदी, हमारा भी पढ़ दो." तिच्यावर नऊशे सोळा निघालं. ते कळल्यावर ती काळजीने म्हणाली, "इतना तो वजन नहीं है इसका." मी तिला अर्धा तास हजार भागांचं गणित समजावलं. तिला ते कितपत कळलं माहीत नाही, पण त्यानंतर ती मला रस्त्यात सलाम करायला लागली आणि मी जरा चढले, हे खरं आहे.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं आणि माझ्या पाटल्या करायच्या निघाल्या. पाटल्या कुणाकडे करायच्या हा प्रश्नच नव्हता. आमचा सोनार एकच होता, बाबांचा बालमित्र. पेठेतल्या बोळात त्यांचं दुकान, म्हणजे एक गादी, एक काचपेटी, एक तराजू आणि मागे भट्टी. मी त्यांना सोनारकाका म्हणायची. दसऱ्याला आणि पाडव्याला त्यांच्याकडून ग्रॅमभर का होईना सोनं घ्यायचं, गुलाबी कागदात गुंडाळलेलं घरी आणायचं आणि देवापुढे ठेवायचं, हा आमचा रिवाज होता. पावती मागायची नाही. घराण्याचा सोनार बदलणं आमच्याकडे घरातल्या माणसाशी बोलणं टाकण्याइतकं वाईट समजत. शिवाय रोज संध्याकाळी दुकान वाढवलं की ते आमच्याकडे चहाला यायचे. ते आणि बाबा फारसं बोलायचे नाहीत. लूमच्या खडखडाटात बोलून ऐकूही गेलं नसतं. दोघं ओट्यावर बसून बशीने चहा प्यायचे आणि रस्ता बघायचे.

मी बाबांना म्हटलं, "माझ्या पाटल्यांवर पाची खुणा पाहिजेत."

बाबा बघतच राहिले. "त्याला ठप्पा मागू? मी?"

"तुम्ही लोकांचं कापड मोजता की नाही?"

"कापड मोजावं लागतं, कारण विणणारा समोर नसतो. हा माझ्यासमोर बसून घडवणार आहे. तुझ्या आईच्या पाटल्या त्याच्याच हातच्या. माझ्या पहिल्या चार वर्षांच्या पगारातून केल्या. तीस वर्षं झाली, कधी ठप्पा लागला नाही. आणि तू ते त्याच्यासमोर काढलंस तर माझ्याशी बोलू नकोस."

बाबांचा आवाज चढलेला मी फार कमी वेळा ऐकला होता. मी विषय सोडला, पण पटलं म्हणून नव्हे. मला राग आला होता. मी आईकडे बघितलं. एरवी अशा वेळी ती बाबांचीच बाजू घ्यायची. त्या दिवशी ती गव्हातले खडे वेचत राहिली.

दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, "तुझ्या पाटल्या काढून दे. तसाच नमुना करायचाय, मी नक्षी उतरवून घेते." ती म्हणाली, "निघत नाहीत, हात जाड झालेत." हे धादांत खोटं होतं. कणीक मळताना ती रोज पाटल्या काढून फडताळात ठेवायची, हे मी लहानपणापासून बघत होते. पाटल्या बघायला देण्यात लपवण्यासारखं काय असेल? मला तर नुसती नक्षी हवी होती. पण ती नाही म्हणाली आणि माझं डोकं कामाला लागलं.

रविवारी सकाळी ती कणीक मळायला बसली. मी फडताळातून एक पाटली घेतली, खिडकीशी गेले आणि भिंग लावलं. बाहेरून तीच वेल, तीच पानं. आतून मात्र त्रिकोण होता. त्याच्यापुढे नऊशे सोळा. मग केंद्राची खूण, मग 'एफ', मग दोन इंग्रजी अक्षरं.

मी बोटांवर मोजलं. ए, बी, सी, डी, ई, एफ. दोन हजार पाच. दोन वर्षांपूर्वीची पाटली! एकोणीसशे सत्त्याहत्तरात केलेल्या पाटलीवर दोन हजार पाचची जन्मतारीख कशी असेल? पुन्हा मोजलं. तेच आलं. आणि ती शेवटची दोन अक्षरं काही सोनारकाकांची नव्हती.

मी मागे वळले तर आई दारात उभी होती. तिच्या हाताला कणीक लागलेली होती.

"वाचलंस?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं तू वाचशील. ते पत्रक आलं तेव्हाच मी चुलीत घालायला हवं होतं."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका पाटलीला जोडाशी चीर गेली. सोनारकाका तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. आईचं माहेर कल्याणच्या वाटेवरच्या कोन गावात. ती माहेरी गेली होती, तिथून तशीच पुढे कल्याणला एका मोठ्या दुकानात चीर सांधायला गेली. तिथे यंत्र होतं. त्यांनी पाटली यंत्राखाली ठेवली आणि दोन मिनिटांत सांगितलं की वीस कॅरेटसुद्धा भरत नाही. आईला वाटलं यंत्र बिघडलंय. तिने दुसरी पाटली ठेवायला लावली. तीही तशीच. मग तिच्यासमोर दोन्ही आटवल्या, तरी आकडा काही हलला नाही.

"मग?"

"मग काय, आटवण्याआधी त्यांनी नक्षी उतरवून घेतली होती, त्यांनाच म्हटलं, अशाच करून द्या. हलक्या झाल्या जरा. तुझ्या बाबांना अजून कळलेलं नाही."

"पण सांगितलं का नाहीस? तो माणूस आपल्याला..."

"काय सांगू?" आई एकदम चिडली. "तुझ्या बाबांना त्याच्याशिवाय दुसरा मित्र आहे का कोणी? दिवसभर लोकांच्या कापडातल्या चुका काढतात, कोण चहाला बोलावतं त्यांना? संध्याकाळी एक माणूस येतो. तो पण घालवू?"

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, दोन्ही एकदम. आता माझ्या पाटल्याही त्याच हातून होणार होत्या. खुणा मागाव्यात तर बाबांची मैत्री जाईल, न मागाव्यात तर मी जन्मभर हातात शंका घालून फिरेन. वाचण्याची एवढी हौस, आणि आता वाचून बसले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं पेठेत गेलो. सोनारकाकांनी गादी झटकली. दुपारची वीज गेलेली होती, त्यामुळे सगळ्या बोळातले लूम बंद होते आणि कधी नव्हे ते एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. बाबा ऐटीत म्हणाले, "हिच्यासारख्याच कर. अगदी अश्शाच. काढ गं एक."

आईने पाटली काढून दिली. दुसरं काय करणार होती? सोनारकाकांनी ती डोळ्यांशी नेली नाही. त्यांनी नुसता अंगठा आतून फिरवला, एकदा पूर्ण गोल. मग पुन्हा एकदा. मग आईकडे बघितलं. आई तराजूकडे बघत होती. मग त्यांनी डोळ्याला आपलं भिंग लावून क्षणभर आत पाहिलं आणि पाटली परत दिली.

"करतो," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. खरं तर मी ठरवून गेले होते की बोलायचं नाही. "काका, खुणा येतील का त्यावर? पाची?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "माफ कर रे हिला. शाळेत शिकवते, सगळ्यांना परीक्षेला बसवते."

सोनारकाका रागावले नाहीत. "माज्याकडं लायसन न्हाय गो बाय," ते मला म्हणाले. "त्यो ठप्पा लायसनवाल्यालाच भेटतो. बगू." मग बाबांकडे वळून त्यांनी चहा मागवला. त्या दिवशी चहा चवीने प्यायले ते एकटे बाबा.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला. सोनारकाका रोज संध्याकाळी येतच होते. मी ओट्यावर कप नेऊन ठेवायची तेव्हा त्यांच्याकडे चोरून बघायची. हा माणूस चोर आहे का? चोरासारखा दिसत तर नव्हता. डोळ्याच्या ऑपरेशननंतर एक डोळा जरा बारीक झालेला, बोटांची टोकं ॲसिडने पिवळी पडलेली. हा माणूस खोटा असेल तर काय वाचायचं आणि कुठे, ते मला सांगणारं पत्रक कुठल्याच वर्तमानपत्रातून येणार नव्हतं.

नवं वर्ष लागलं. लग्नाला तीन आठवडे उरले असताना एका रविवारी सकाळी ते आले. सकाळी ते कधीच यायचे नाहीत. ओट्यावर न बसता आत आले, खिशातून गुलाबी कागद काढला आणि टेबलावर ठेवला. पाटल्या सुंदर झाल्या होत्या. आईच्या होत्या तशीच वेल, पण पानं जिवंत वाटत होती. ती नक्षी मुळात कुणाच्या हातची होती, ते मला त्या क्षणी कळलं.

"वाच गो बाय," ते म्हणाले.

बाबा हसले. "दे तिला भिंग. नाहीतर झोप लागायची नाही तिला."

मी पाटली उजेडात धरली. "त्रिकोण," मी म्हटलं. "नऊशे सोळा. ही केंद्राची खूण. 'जे', म्हणजे दोन हजार आठ. मधलं 'आय' गाळलंय, एकासारखं दिसतं म्हणून असेल." आणि मग मी थांबले. शेवटची दोन अक्षरं मला ओळखीची होती. ती आईच्या हातात होती.

"पुढं?" बाबा म्हणाले. "पाचवी खूण सराफाची ना? त्याची असेल." मग ते मित्राकडे वळले. "तुला लायसन मिळालं वाटतं? सांगितलं नाहीस ते."

"ती माजी न्हाय," सोनारकाका म्हणाले. "कल्यानच्या दुकानाची हाय. वहिनीच्या पाटल्यांवर जी हाय, तीच."

बाबांना काही कळेना. त्यांनी आईकडे बघितलं, मग मित्राकडे.

"वहिनीच्या हातात माज्या पाटल्या न्हाईत रं. दोन वर्सं झाली. त्या कमी भरल्या म्हनून वहिनीनं आटवल्या. तिनं तुला न्हाय सांगतलं, मलाबी न्हाय. दसऱ्याला ती सोनं घ्यायला आली, हात पुढं केला, मी तवाच वलखलं. त्या दिशी हातात घेतली न् ठप्पा वाचला, मंग त्याच दुकानात गेलो. मालक माज्या पोराच्या वयाचा. त्याला म्हटलं, घडन माजी, नाव तुजं. तपासून ठप्पा मारून दे."

"कमी कशा भरल्या?" बाबांनी विचारलं. आवाज कापड तपासतानाचा होता.

"जोडात तांबं, रुपं जास्ती लागायचं तवा. पोकल पाटली, लई जोड. थोडं त्याच्यात गेलं." ते थांबले. "आनि थोडं मी माज्याकडं धरलं. तवा सगलेच धरायचे. तुजं न्हवतं धरायला पायजे."

बाहेर लूम चालू होते.

"आणि तू रोज येऊन चहा पीत होतास," बाबा म्हणाले.

"येतच व्हतो. आलो नसतो तर तुला कललं असतं."

बाबांनी मान खाली घातली. सोनारकाका चपला घालून निघून गेले. चहाचं विचारायचं आईला सुचलं नाही, आणि मलाही नाही. माझ्या पाटल्यांवर पाची खुणा होत्या. मला हवं होतं तेच मिळालं होतं आणि बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने आईने टेबलावरची पाटली उचलली. कागदात परत गुंडाळायला घेतली असावी. तिचा अंगठा आतून फिरला आणि थांबला. मागे गेला, पुन्हा थांबला.

"इथे बघ गं," ती म्हणाली.

मी भिंग लावलं. पाच खुणांपासून दूर, जोडाच्या अगदी जवळ, एक बारीक टिंब होतं. टोच्याने मारलेलं, खसखशीच्या दाण्याएवढं. दुसऱ्या पाटलीतही त्याच जागी तसंच. पत्रकात ते कुठे नव्हतं.

"हे माझ्या जुन्या पाटल्यांत होतं," आई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं अंगठ्याला लागायचं. पाटल्या काढता-घालताना, बसल्या बसल्या, सारखी बोट फिरवायची मी त्याच्यावर. मला वाटायचं, घडवताना राहिलेली खोट आहे." तिने स्वतःच्या हातातली पाटली जरा फिरवली. "ह्यांच्यात नाही ते. गुळगुळीत आहेत ह्या."

बाबांनी हात पुढे केला. मी त्यांना पाटली आणि भिंग दोन्ही दिलं. त्यांनी ते भिंग टेबलावर उभं केलं, खाली पाटली धरली आणि वाकून पाहत राहिले. तागा तपासताना त्यांना अर्धं मिनिट पुरायचं. त्या दिवशी मी किती वेळ उभी होते ते मला आठवत नाही.

मग ते उठले. आईला म्हणाले, "दोन कप ठेव." चपला घातल्या आणि पेठेच्या दिशेने निघाले. मी दारातून हाक मारली, कारण भिंग टेबलावरच राहिलं होतं. त्यांनी मागे वळून बघितलं, खिसा चाचपला आणि तसेच पुढे गेले.